नऊ वारांच्या आत

स्कॉटलंडच्या पुरुषाचा पुऱ्या मापाचा किल्ट साधारण आठ वार लोकरी कापडाचा होतो. पनवेल तालुक्यातल्या आगरी आजीचं लुगडं नऊ वारांचं. किल्टच्या चुण्या पाठीमागे असतात, लुगड्याच्या निऱ्या पुढे. एक थंडीवाऱ्याच्या डोंगरात वाढला, दुसरं खाडीकाठच्या भातखाचरांत. पण इतकं कापड कमरेभोवती घेतलं की दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहतो: याच्या आत काय घालायचं?

किल्टच्या बाबतीत लोक हा प्रश्न हसत हसत विचारतात. त्याचं जुनं उत्तर मात्र फार शहाणपणाचं आहे. आजचा शिवलेला किल्ट येण्याआधी तिथले पुरुष लांबच्या लांब लोकरी कापड चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळत आणि त्याच्या आत गुडघ्यापर्यंत येणारा जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा, सैल सदरा घालत. लोकरीचा ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू कातडीला टोचतो. लिनन टोचत नाही. लोकर वारंवार धुता येत नाही. सदरा धुता येतो. म्हणजे आतल्या कापडाकडे दोन कामं होती. अंगाला वरच्या कापडापासून वाचवायचं आणि वरच्या कापडाला अंगापासून.

ही दोन कामं डोक्यात ठेवून पनवेलच्या बाजारात फिरावं. मॅचिंग सेंटरच्या फळ्यांवर शंभर रंगांचे परकर रचलेले दिसतात. शेजारच्या दुकानात शिवलेली नऊवारी टांगलेली असते आणि तिच्याखाली घालायच्या लेगिंग्जचा ढीग असतो. मासळी बाजारात एखादी आजी गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडं नेसून बसलेली असते, आणि तिला परकर लागतच नाही. एका गावात एका प्रश्नाची इतकी उत्तरं नांदतात, आणि प्रत्येक उत्तरामागे घर्षणाचं, घामाचं आणि दाबाचं अस्सल विज्ञान आहे.

नाडीशिवाय टिकणारं लुगडं

सुरुवात आजीच्या लुगड्यापासून करू, कारण सगळ्यात मोठं आश्चर्य तिथे आहे. ना नाडी, ना बटण, ना पिन. हे लुगडं नेसून बाई लावणीला दिवसभर चिखलात वाकते, डोक्यावर पाटी घेऊन चालते, होडीत चढते-उतरते. तरी ते सुटत नाही. कसं?

खाडीत होडी बांधणारा कोळी दोराचे खुंटाला दोन-तीन वेढे मारतो आणि मोकळं टोक एका हाताने सहज धरून ठेवतो. पलीकडे अख्खी होडी ओढ घेत असते. गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात याचं सूत्र मांडलं. वेढ्यांमुळे मिळणारी पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३५ धरला, तर एका पूर्ण वेढ्याला ताण नऊपट पेलला जातो, दोन वेढ्यांना एक्क्याऐंशी पट. कंबर म्हणजे लाकडी खुंट नव्हे, तेव्हा आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तत्त्व मात्र हेच. कमरेभोवतीचा वेढा, पुढची गाठ, खोचलेल्या निऱ्या आणि मागे ओढून घेतलेला काष्टा असं सगळं मिळून कापडच कापडाला धरून ठेवतं. सुती कापडावर सुती कापडाची पकड चांगली, म्हणून रोजचं लुगडं सुती.

काष्ट्याची करामत याहून मोठी आहे. दोन्ही पायांच्या मधून कापड मागे नेलं की प्रत्येक मांडीला आपापलं वेष्टण मिळतं. मांडी मांडीला घासत नाही. किल्टवाल्याला किंवा परकरवाल्या बाईला जे आतून वेगळं घालावं लागतं, ते काष्ट्याने आपोआप होतं. नऊवारीचं अस्तर नऊवारीतच असतं.

ओल्या हवेतली कातडी

मांड्या घासणं ही क्षुल्लक तक्रार वाटते, पण पनवेलच्या जुलैत दोन तास चाललेल्या कुणालाही विचारा. पावसाळ्यात इथल्या हवेत बाष्पाचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर असतं. घाम येतो, पण उडत नाही. कातडीचा वरचा थर पाणी पिऊन मऊ होतो आणि मऊ, ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते. घर्षण दुपटीपर्यंत, कधी त्याहूनही वर जातं. प्रत्येक पावलाला तीच जागा घासली जाते. आधी लाली येते, मग आग होते, मग साल निघते.

आतलं कापड निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न विचारायचा की हे कापड पाणी किती धरतं. सर्वसाधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या ८.५ टक्के ओलावा शोषून धरतं, रेशीम ११ टक्के, लोकर १६ टक्के. पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. घाम टिपायचं काम सूत करतं, ते यामुळे. पण सुताची एक मर्यादाही आहे. मुसळधार पावसात सुती परकर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भिजला की तो पायांना चिकटतो, जड होतो आणि लवकर वाळत नाही. अशा दिवशी सूत-पॉलिएस्टर मिश्रणाचा परकर बरा. एरवी, आणि अंगालगतच्या कपड्यांना तर नेहमीच, सूतच हवं.

सहावारीच्या आत परकराखाली मांडीपर्यंतची सुती सायकलिंग शॉर्ट घालणं हा सगळ्यात सोपा उपाय. शिवलेल्या नऊवारीला तर ती हवीच, कारण त्या नऊवारीत काष्टा दिसतो तेवढाच असतो. आतून ती बहुधा सिंथेटिक कापडाचा पायजमा असते. गुढीपाडव्याच्या यात्रेत दुचाकीवर बसायचं असेल, लग्नाच्या हळदीत रात्रभर नाचायचं असेल, तर आत पोटरीपर्यंतची सुती लेगिंग घालावी. ती कापड आणि कातडी यांच्यामध्ये राहते आणि बिनधास्त हालचाल करू देते.

ओलाव्याला दुसरा एक पाहुणाही येतो: गजकर्ण. ट्रायकोफायटन जातीच्या बुरशीला जांघ आणि कंबर ही दमट, झाकलेली जागा फार मानवते. गेल्या काही वर्षांत भारतात या बुरशीचे चिवट प्रकार पसरले आहेत, आणि दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं लावल्याने दुखणं वरवर दबतं, आत वाढत राहतं. यावर आतल्या कपड्यांची शिस्त मोठं काम करते. कपडे रोज बदलावेत, घरातल्या इतरांचे वापरू नयेत आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालू नयेत. पावसाळ्यात ऊन नसेल तर परकराचा नेफा आणि शॉर्टच्या शिवणी गरम इस्त्रीने दाबून घ्याव्यात. ओल शिवणीतच दडते आणि बुरशीही तिथेच.

परकराची घडण

काष्टा गेला आणि सहावारी आली, तेव्हा आतल्या कपड्याची गरज ठळक झाली. तोवर परकर म्हणजे मुख्यतः मुलींचा परकर-पोलका. साडीच्या आत परकर आणि वर पोलकं हा आज सर्वत्र दिसणारा जोड एकोणिसाव्या शतकात रुळत गेला, आणि त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. १८६४ च्या सुमारास ज्ञानदानंदिनी देवी टागोर मुंबईत आल्या. त्यांचे पती सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत गेलेले पहिले भारतीय. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची साडी नेसण्याची रीत पाहिली, ती उचलली, तिच्यात आपले बदल केले आणि बंगालमध्ये परतल्यावर पोलकं-परकरासह तिचा प्रसार केला. घराबाहेर पडणाऱ्या, गाडीत बसणाऱ्या, सभेला जाणाऱ्या बाईला झेपेल असा पोशाख त्यांना हवा होता. आतल्या कपड्याने बाईला बाहेरचं जग खुलं करून दिलं, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

एक चांगला कळ्यांचा परकर हातात घेऊन उलटा करून पाहा. सहा किंवा आठ कळ्या, प्रत्येक कळी वर अरुंद आणि खाली रुंद. त्यामुळे कमरेपाशी चुण्यांचा गोळा होत नाही आणि खाली पाऊल टाकायला घेर मिळतो. वर दुमडून शिवलेला नेफा, त्यात ओवलेली नाडी, बाजूला वीतभर चीर. त्या चिरेमुळे परकर ढुंगणावरून चढतो आणि तरी कमरेला नीट बसतो. खालची दुमड जाड असते, कारण चालताना तिथेच पावलाचा मार बसतो. लोक दहा हजारांच्या साडीचा काठ दहा वेळा पाहतात. शिंप्याने या कळ्या कापताना केलेला विचारही एकदा पाहावा, इतका तो सुंदर आहे.

कापडाची निवडही कामावर ठरते. सुती परकर साडीला धरून ठेवतो, म्हणून घसरणाऱ्या शिफॉन-जॉर्जेटखाली तोच घालावा. गुळगुळीत साटीनच्या परकरावर साडीला पकड मिळत नाही. निऱ्या तासाभरात खाली उतरतात आणि त्यांना वर धरण्यासाठी बाई नाडी आणखी आवळते. हे आवळणंच पुढच्या गोष्टीचं मूळ आहे.

नाडीचा दाब

कमरेभोवती आवळलेल्या नाडीचा दाब मोजता येतो. नाडीतला ताण घ्यावा आणि त्याला नाडीची रुंदी आणि कमरेची त्रिज्या यांनी भागावं. समजा कंबर ८८ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या सुमारे १४ सेंटिमीटर. नाडीत एक किलोचा ताण. हा ताण काही फार नाही. भारी पैठणीचं वजनच पाऊण-एक किलो सहज भरतं. नाडी ५ मिलिमीटर रुंद असेल, तर कातडीवरचा दाब निघतो सुमारे १०५ मिलिमीटर पारा. त्याच ताणाला ४ सेंटिमीटर रुंद पट्टी लावा. दाब उतरतो १३ वर.

हे आकडे कशाशी ताडायचे? कातडीतल्या केशवाहिन्यांत रक्त ज्या दाबाने शिरतं, तो सुमारे ३२ मिलिमीटर पारा असतो. त्याहून जास्त दाब बाहेरून सतत राहिला की तेवढ्या जागेचा रक्तपुरवठा अडखळतो. म्हणजे बारीक नाडी या मर्यादेच्या तिपटीवर आहे आणि रुंद पट्टी निम्म्याखाली. बाईही तीच, साडीही तीच. फरक फक्त साडेतीन सेंटिमीटर कापडाचा.

कंबर पूर्ण गोल नसते, हे आणखी पुढचं. पोट आणि पाठ सपाटसर, कुशीकडे वळण तीव्र. कुशीत त्रिज्या १० सेंटिमीटर धरली, तर तोच दाब १४७ पर्यंत चढतो. त्यातून तिथे कातडीखाली हाडाची कड जवळ असते. नाडीचा काळा वण कुशीकडे अनेकदा जास्त गडद दिसतो, त्याचं एक कारण या भूमितीत आहे.

वणापुढची कहाणी पहिल्यांदा शास्त्राच्या नजरेने वाचली ती एका मराठी माणसाने. डॉ. वसंत रामजी खानोलकर, जन्म १८९५. लंडनला विकृतिशास्त्र शिकून आलेले. १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. रुग्णाचं वय, आजार, गाठीचा प्रकार एवढ्यावर ते थांबत नसत. हा माणूस काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हेही ते विचारत. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी एक शोधनिबंध छापला. विषय होता रोजच्या सवयी आणि कर्करोग. त्यात तंबाखूच्या सवयींबरोबर कमरेच्या कातडीच्या कर्करोगाचीही नोंद होती, आणि त्याला त्यांनी नाव दिलं 'धोतर कर्करोग'. वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून नेसलेलं धोतर, घाम, घर्षण, भरून न येणारी जखम, आणि त्या जखमेत कधीतरी सुरू झालेली विकृत वाढ. कापडाची एक घडी आणि पेशींची वाढ यांचा धागा जोडणारी ती नजर विलक्षण होती.

पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी 'साडी कर्करोग' या नावाने असे रुग्ण नोंदवले. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची हकीकत प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची. परकराची नाडी घट्ट बांधायची सवय, आणि उजव्या कुशीत दीड वर्ष न भरलेली जखम. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. ती परकराशिवाय लुगडं नेसणारी, चाळीस वर्षं रोज, कमरेला घट्ट. तिचीही जखम उजव्या कुशीत, दोन वर्षांची, आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला. जुन्या जखमेत उद्भवणाऱ्या अशा व्रणाला मार्जोलिन व्रण म्हणतात. मार्जोलिन हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद. दुसरी हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोष परकराचा नव्हता, लुगड्याचाही नव्हता. दोष होता एकाच रेषेवर, वर्षानुवर्षं, न हलणाऱ्या दाबाचा.

घाबरायचं कारण नाही. इतक्या कोट्यवधी बायका साडी नेसतात आणि असे रुग्ण फार थोडे. पण लक्षणं माहीत असावीत. कमरेवर काळा पट्टा पडतो, खाज सुटते, कोंडा धरतो, मग मध्येच कातडीचा रंग उडतो. इथपर्यंत नाडी बदलून काम भागतं. जखम झाली आणि ती महिनाभरात भरली नाही, तर घरगुती लेप लावत न बसता त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. आपल्या आई-आजी ही जागा कुणाला दाखवत नाहीत, म्हणून घरातल्या लेकी-सुनांनी आपणहून विचारायला हवं.

साडीची राखण

आता दुसरं काम: वरच्या कापडाला अंगापासून वाचवणं. ताजा घाम किंचित आम्लधर्मी असतो. कापडात राहिला की जंतू त्यातून अमोनिया तयार करतात आणि तो अल्कधर्मी होतो. रेशीम हे प्रथिन आहे, आणि प्रथिनाचा वैरी म्हणजे अल्क. शिवाय रेशीम ओलं झालं की त्याची ताकद १५ ते २० टक्क्यांनी घटते. सूत उलट ओलं झालं की आणखी मजबूत होतं. घामाने भिजलेली रेशमी निरी कमरेपाशी ओढली जाते, तेव्हा ती आपल्या सगळ्यात दुबळ्या अवस्थेत असते. जरीतलं चांदी-तांबं घामातल्या मिठाने काळवंडतं. सुती परकर हा घाम मधल्यामध्ये टिपतो आणि स्वतः धुतला जातो. पैठणीने ज्या झिजेला तोंड द्यायचं, ती तो आपल्या अंगावर घेतो.

खालच्या काठाला हेच काम फॉल करतो. चार-पाच इंच रुंदीची सुती पट्टी, आतून लावलेली. ती काठाला वजन देते, आणि जोडवी, पैंजण, चपलेची टाच यांचा मार स्वतः खाते. फॉल लावण्याआधी पाण्यातून काढून वाळवावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीचा काठ कायमचा गोळा होतो. नव्या परकराचंही तसंच. तो आधी एकटा धुवावा आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग जातो का ते पाहावं. गडद लाल परकराने फिकट साडीला लावलेला डाग काढणं धोब्यालाही अवघड जातं. परकराची खालची कड साडीच्या काठापासून दोन बोटं वर असावी. साडी उतरवली की लगेच घडी घालू नये; सावलीत वाऱ्यावर टाकावी, ओल गेली की मगच कपाटात. अत्तर किंवा स्प्रे जरीवर कधीच मारू नये.

उरली ती परकर शिवून घ्यायची गोष्ट, आणि ती सगळ्यात सोपी आहे. शिंप्याला सांगायचं, नेफा बारीक नको. चार सेंटिमीटरची मऊ सुती पट्टी लावा, आणि नाडी हवीच असेल तर ती सपाट विणीची, बोटभर रुंद द्या. गाठ आज डावीकडे बांधली तर उद्या उजवीकडे. साडी दर वेळी बोटभर वर-खाली नेसायची. घरी आलं की नाडी सैल करायची, आणि घरात वावरायला रुंद इलॅस्टिकचा परकर ठेवायचा. पनवेलच्या कुठल्याही गल्लीतला शिंपी हे काम थोड्या पैशांत करून देईल. खानोलकरांना जे दुखणं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागलं, त्याला कातडीपर्यंत पोचू न देणारा उपाय शिवणयंत्रावर अर्ध्या तासात तयार होतो. तो प्रत्येक आजीच्या, आईच्या कपाटात असायला हवा.